रिकामी परतणारी गाडी आणि अप्पांची वही

या आठवड्याचं पत्र सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरून आलंय. थोडं आवरून देतो.

"मी ३४ वर्षांची आहे. अप्पांनी उभा केलेला वाहतुकीचा धंदा गेली चार वर्षं मी बघते. चार दहाचाकी, तीन आयशर आणि पाच छोटा हत्ती, अशा बारा गाड्या आहेत. दहाचाकी एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे खोके न्हावाशेवा बंदराला नेतात. महिन्याला २४ फेऱ्या होतात, त्यातल्या १५ वेळा गाडी रिकामी परत येते. आयशर जिल्ह्यात आणि विजापूर-लातूरकडं फिरतात. छोटे हत्ती पूर्व भागातल्या यंत्रमागांना सूत पोचवतात. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक निर्यातदार आहे. त्यांनी एक तक्ता पाठवलाय : एक टन माल पोचवायला तुमच्या गाड्या किती कार्बन सोडतात आणि पुढच्या वर्षी तो किती कमी करणार, ते लिहा. अप्पा म्हणतात, हे कागदी खूळ आहे, चार दिवसांत जाईल. शोरूमवाला म्हणतो, सगळ्या इलेक्ट्रिक घ्या. एकजण झाडं लावल्याचं प्रमाणपत्र आणून देतो म्हणतोय. जुन्या दोन दहाचाकी विकाव्यात असंही मनात येतं, पण त्यातली एक ज्यांच्या हातात आहे ते ड्रायव्हरमामा आमच्याकडं २२ वर्षं आहेत. अप्पा प्रत्येक फेरीचं डिझेल वहीत लिहितात, तेवढाच हिशेब आमच्याकडं आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. चोवीसातल्या पंधरा गाड्या रिकाम्या परततात, हे ते वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर त्यातच आहे. शोरूमवाल्याला थोडं थांबू द्या. आधी हे रिकामे किलोमीटर बघू.

अप्पांचं म्हणणं मात्र खरं नाही. हे खूळ जाणार नाही. शेअर बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या एक हजार कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून पर्यावरणाचा अहवाल देणं सक्तीचं केलंय. युरोप-अमेरिकेतली मोठी दुकानं टॉवेल घेताना तो कुठल्या वाटेनं, किती धूर सोडत आला तेही विचारतात. त्यांचा प्रश्न निर्यातदाराकडं येतो आणि निर्यातदाराचा तुमच्याकडं. तुमच्या टाकीत जळलेलं डिझेल त्यांच्या हिशेबात 'स्कोप ३' या, म्हणजे दुसऱ्यांकडून करून घेतलेल्या कामाच्या कार्बनच्या, रकान्यात बसतं. आज एकानं तक्ता पाठवला, उद्या बाकीचे पाठवतील, आणि ज्याच्याकडं खरा आकडा तयार असेल त्याचं काम टिकेल.

आता आकडा. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरचं वजन किलोभरही नसतं, मग पावणेतीन किलोच्या आसपास वायू आला कुठून, असं अप्पा नक्की विचारतील. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्यात येतं. म्हणजे कार्बन मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. किती लिटर भरलं ते माहीत असलं की झालं. आणि ते तुमच्या घरात वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. कंपनीनं मागितलेला आकडा अप्पांच्या वहीत आहे, ताई. फक्त तो लिटरमध्ये लिहिलाय.

तुमच्या एका फेरीचं गणित मांडून बघतो. ॲव्हरेज मी अंदाजानं धरतोय, तुम्ही वहीतलं घाला. सोलापूर ते न्हावाशेवा पावणेचारशे किलोमीटर धरू. खोके भरलेली दहाचाकी लिटरला साडेचार देते, म्हणजे जाताना ८३ लिटर. रिकामी येताना साडेपाच देते, म्हणजे ६८ लिटर. जाऊन-येऊन १५१-१५२ लिटर, कार्बन ४०६ किलो. गाडीत माल ९ टन होता, म्हणजे टनाला ४५ किलो. आता तीच गाडी येतानाही ९ टन घेऊन आली तर? येताना ८३ लिटर, एकूण १६७. जादा डिझेल लागलं फक्त १५ लिटर आणि तेवढ्यात आणखी ९ टन माल पावणेचारशे किलोमीटर आला. टन-किलोमीटरला, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर न्यायला, आधी १२० ग्रॅम पडत होते, आता ६६ पडतात. जवळपास निम्मे. इंजिन तेच, ड्रायव्हर तोच, रस्ताही तोच.

रिकामी गाडी फुकट पळत नाही, हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दहाचाकी स्वतःच आठ-दहा टनांची असते. माल असो-नसो, तेवढं लोखंड ओढावंच लागतं. लिटरला नव्वद रुपये धरले तर एका रिकाम्या परतीला सहा हजारांचं डिझेल जातं आणि समोर भाड्याचा एक रुपया नसतो. अशा महिन्याला पंधरा.

मग परतीचा माल का मिळत नाही? या धंद्यात वावरलेल्या माणसाला कारण ठाऊक असतं. माल असतो, पण तो मिळेपर्यंत थांबायला वेळ नसतो. सोलापुरातून फोन येतो, "उद्या सकाळी गाडी दाराशी हवी," आणि ड्रायव्हर रातोरात रिकामी गाडी पळवत येतो. इकडं कारखान्यात मात्र तीच गाडी भरायला दुपार होते. म्हणून परतीच्या भाड्याचं कोडं दलालाच्या फोनवर सुटत नाही, ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या लोडिंगच्या वेळापत्रकात अडकलेलं असतं. त्यांनी तक्ता पाठवलाय ना, मग तुम्हीही त्यांना लिहा : आठवड्याचं लोडिंग आम्हाला तीन दिवस आधी कळवा, म्हणजे आमच्या गाड्या भरून परत येतील आणि तुमचा आकडा खाली येईल. आजवर असं म्हणायला तुमच्या हातात काही नव्हतं. या तक्त्यानं ती सोय करून दिलीय.

न्हावाशेवाच्या वाटेवर कळंबोलीचा स्टील बाजार आहे. भिवंडीत गोदामांची रांग आहे. सोलापूरला लागणारं लोखंड, रंग-रसायनं, किराणा, यंत्रांचे भाग रोज त्याच रस्त्यानं येत असतात, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत, आणि ती गाडीही बहुतेक सोलापुरातून रिकामीच जात असते. तुमच्यासारख्या दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बसून बोला. तुमची गाडी तिकडं रिकामी उभी आहे तेव्हा त्यांचा माल तुम्ही आणायचा, त्यांची इथं उभी असेल तेव्हा तुमचे खोके त्यांनी न्यायचे. हिशेब महिन्याला. गिऱ्हाईक पळवतील ही भीती खरी आहे, म्हणून सुरुवात अशाशी करा ज्याचा माल तुमच्या मालापेक्षा अगदी वेगळा आहे. लोखंडवाल्याला टॉवेलच्या गिऱ्हाइकाची हाव नसते.

एक सांगून ठेवतो. लोखंड भरायला लागलात की जास्त भरायचा मोह होईल आणि टनाला कार्बन कमी पडतो असा युक्तिवादही सुचेल. तो करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. पाटे, टायर आणि ब्रेक यांची किंमत वेगळी.

जातानाच्या मालाबद्दलही एक गोष्ट. टॉवेल हा फुगीर माल. गाडीचा हौदा काठोकाठ भरतो, पण वजनकाट्यावर नऊ टनच दिसतात. याचा अर्थ तुम्ही पावणेचारशे किलोमीटर बरीचशी हवा वाहून नेता. खोक्यात घडी आणखी दाबून बसवता येईल का, खोक्याची मापं हौद्याच्या रुंदीला नेमकी बसतील अशी घेता येतील का, हे कारखान्याच्या पॅकिंगवाल्यांशी एकदा बोला. एका गाडीत शंभराऐवजी एकशे दहा खोके बसले तर दर अकरा फेऱ्यांमागं एक फेरी वाचते. हे काम तुमचं एकटीचं नाही, पण सुचवायला तुम्हीच हव्यात, कारण हौद्यात किती फट राहते ते तुमच्या माणसांना दिसतं.

आता गाड्यांच्या अंगाकडं वळू. मी सगळं सांगत बसणार नाही. एअर फिल्टर, नोझल, अलाइनमेंट हे तुमचा मिस्त्री जाणतो. मला बोलायचंय ते टायरच्या हवेबद्दल, कारण इथं सोलापुरात एक चुकीची सवय मी पिढ्यान् पिढ्या बघत आलोय. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की ड्रायव्हर टायरमधली थोडी हवा काढतात. उन्हानं हवा फुगेल आणि टायर फुटेल, ही भीती. घडतं नेमकं उलटं. हवा कमी असलेला टायर प्रत्येक चक्राला जास्त दबतो, जास्त दबतो म्हणून आतून जास्त तापतो, आणि तापूनच फुटतो. वर डिझेल जातं ते वेगळंच : हवा दहा टक्के कमी असेल तर साधारण एक टक्का डिझेल जादा, असं धरा. हवा बघायची ती पहाटे, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना आणि गेजनं. हातोडी मारून आवाजावर ठरवायची नाही. मागच्या जोडचाकातला आतला टायर नेहमी राहून जातो. तिथं हात पोचत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि बाहेरचा बिचारा दोघांचं वजन ओढतो. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे.

पुढचं सगळं ड्रायव्हरच्या पायात आहे. इथं मला थोडं सविस्तर लिहू द्या.

वेग वाढला की हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पट होतो. पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरला ऐंशीऐवजी पासष्टनं गेलं तर वेळ पाऊण तास जादा लागतो. तो पाऊण तास कारखान्याच्या फाटकात वाचवा, रस्त्यावर नको. गाडी उशिरा भरली की ड्रायव्हर तो उशीर टेंभुर्णी-इंदापूरच्या सरळ रस्त्यावर भरून काढतो. त्याला पळवणारा त्याचा स्वभाव नसतो, आपलं नियोजन असतं. तसंच उभ्या गाडीचं. शहरात जड वाहनांची बंदी सुटायची वाट बघताना, कारखान्याच्या रांगेत, टोलच्या अलीकडच्या चहाला इंजिन चालूच असतं. मोठ्या गाडीचं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या तासाला दोन-तीन लिटर खाऊ शकतं. दिवसाला एक तास वाचला तरी चार गाड्यांचं महिन्याचं गणित तुम्हीच करा.

मी उमेदीची तीस वर्षं गाड्यांच्या डिझेलचा हिशेब बघण्यात घालवली. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, साहेबांनी फळ्यावर ड्रायव्हरांची यादी लावायला सुरुवात केली. सगळ्यांत कमी ॲव्हरेजवाल्याचं नाव तळाला, लाल खडूनं. महिन्याभरात ॲव्हरेज सुधारलं. सगळे खूश. मग एके रात्री आमची एक भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेक लागेनासे होऊन कडेच्या दगडी कठड्यावर जाऊन थांबली. ड्रायव्हरचा पाय मोडला. त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, नाव खाली जायला नको म्हणून न्यूट्रल केली होती." डिझेल वाचावं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची ही समजूत अजून आहे. गिअरमध्ये राहून पाय उचलला तर इंजिनाला डिझेल जातच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं, वर इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. म्हणजे त्यानं पाय मोडून घेतला आणि डिझेलही वाचवलं नव्हतं. ती यादी लिहिणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून मी कुठल्याही मालकाला ड्रायव्हरांची यादी लावू देत नाही.

त्यापेक्षा असं करा. प्रत्येक गाडीची तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी करा, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालाला. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशी मोजा, मधल्या अंदाजाला अर्थ नसतो. किलोमीटरचा काटा बंद असेल तर तो आधी दुरुस्त करा. एसटीत लिटरऐवजी दहा लिटरला किती किलोमीटर असं मोजतात, केपीटीएल म्हणतात त्याला. मला ती पद्धत आवडते. ४.४ आणि ४.६ हे ऐकायला सारखेच वाटतात, ४४ आणि ४६ मधला फरक कानाला लागतो. गाडी तिच्या जुन्या आकड्यापेक्षा वर गेली तर वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्या ड्रायव्हरला, त्याच आठवड्यात, रोख. कमी झालं तर दंड नाही. आधी गाडी तपासा, मग रस्ता विचारा, माणसाला शेवटी.

यात एक नाजूक गोष्ट येते, ती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण मला ठाऊक आहे. डिझेल विकलं जातं. सगळीकडं नाही, सगळे नाही, पण विकलं जातं, आणि त्यामुळं वहीतले काही आकडे खोटे असतात. यावर टाकीला कुलूप लावायच्या आधी फेरीचा भत्ता बघा. चार वर्षांपूर्वी ठरलेल्या भत्त्यात आज दोन वेळचं जेवण, चहा आणि पार्किंग भागतं का, हे स्वतः एका फेरीला सोबत जाऊन बघा. भत्ता पुरेसा करा, वाचलेल्यातला वाटा द्या आणि मग सांगा की आता हिशेब चोख हवा. हा क्रम उलटा केला की माणसं दुखावतात.

मामांबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस कुठल्या चढाला कुठला गिअर ते झोपेतही सांगेल. त्यांना नव्या पोरांसोबत पंधरा दिवस बसवा, शिकवायचे वेगळे पैसे देऊन. पुण्याजवळ भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघही डिझेल वाचवायचं प्रशिक्षण देतो. मामांना तिथं पाठवून मग शिकवायला लावलंत तर आणखी चांगलं.

जुन्या दोन गाड्या विकायच्या का? इथं दोन गोष्टींची गल्लत होते. काळा धूर वेगळा आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांनी काजळी आणि नायट्रोजनचे विषारी वायू खूप कमी केले. रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांसाठी ती मोठी गोष्ट आहे. पण कार्बन डायऑक्साइड हा जळलेल्या डिझेलवरच ठरतो. नवी गाडी लिटरला अर्धा किलोमीटर जास्त देत असेल तर तेवढाच फायदा. आणि जुनी गाडी तुम्ही विकली तर ती कुठल्या तरी खडीच्या खाणीवर आणखी दहा वर्षं धूर सोडत राहील. तुमच्या तक्त्यातून गेली, हवेतून गेली नाही. मी तुमच्या जागी असतो तर जी जास्त थकलीय ती नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घेतलं असतं, नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. दुसरी चांगली असेल तर तिला न्हावाशेवाच्या लांब वाटेवरून काढून जवळच्या कामाला लावलं असतं. मामांना नव्या गाडीवर बसवा. चांगली गाडी चांगल्या हातात जास्त देते.

इलेक्ट्रिकचं सांगतो, कारण तो शोरूमवाला पुन्हा येणारच. तुमच्या सगळ्या गाड्या मिळून महिन्याला साधारण साडेपाच हजार लिटर डिझेल खात असाव्यात, म्हणजे पावणेपंधरा टन कार्बन. त्यात दहाचाकींचा वाटा दोन तृतीयांश. पाचही छोटे हत्ती मिळून जेमतेम साडेचारशे लिटर, एकूण डिझेलच्या बाराव्या हिश्शाइतकं. सगळ्या छोट्या गाड्या उद्या इलेक्ट्रिक केल्या आणि त्यांचा कार्बन शून्य धरला, तरी आकडा आठ-नऊ टक्केच हलेल. आणि तो शून्य होत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागं अलीकडं ०.७ किलोच्या आसपास कार्बन पडतो. वीज मोठ्या प्रमाणावर कोळशावर होते, सोलापूरला हे सांगायला नको, फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं केंद्र आपल्या डोळ्यांपुढं आहे. डिझेलचा छोटा हत्ती लिटरला १७ देत असेल तर किलोमीटरला १५८ ग्रॅम. तेवढ्याच मापाची इलेक्ट्रिक चारचाकी चार्जिंगचा तोटा धरून युनिटला पाच किलोमीटरच्या आतबाहेर जाते, म्हणजे एकशे चाळीस ग्रॅमच्या आसपास. डिझेल काढण्या-गाळण्यातला कार्बन धरला तर इलेक्ट्रिक पुढं राहते, पण फार पुढं नाही.

चित्र बदलतं ते दोन गोष्टींनी. एक, सुताची खेप अर्ध्या टनाच्या आत असेल तर तीनचाकी इलेक्ट्रिक घ्या. ती युनिटला दहा किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे ७० ग्रॅम, डिझेलच्या थेट निम्म्याहून कमी. साखर पेठेच्या बोळांत ती वळतेही सहज. दोन, छपरावर सोलर. ऊन हे आपल्याकडं जेवढं आहे तेवढं फार कमी गावांना मिळतं. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं. दिवसाला साठ किलोमीटर फिरणाऱ्या दोन तीनचाकींना बारा युनिट, म्हणजे तुमच्या गोदामावर तीन किलोवॅट पुरे. दुपारच्या जेवणाच्या वेळी गाड्या गोदामात येऊन चार्जिंगला लागतील असं फेऱ्यांचं वेळापत्रक करा. या वर्षी दोनच घ्या, वर्ष वापरून बघा. पूर्व भागात माग घरातच असतो, दारात उभी राहणारी गाडी धूर सोडत नाही, ही गोष्ट कुठल्या तक्त्यात बसत नसली तरी माझ्या लेखी मोठी आहे.

दहाचाकीची इलेक्ट्रिक आज तुमच्यासाठी नाही. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठ्या ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत मदत आहे, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि पावणेचारशे किलोमीटरच्या वाटेवर भरवशाचं जड चार्जिंग हवं. तोपर्यंत कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊ नका. दिल्ली-कोलकात्याकडचा माल असेल तर रेल्वेचा विचार मात्र जरूर करा. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल आपल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली होती. डाळिंब जाऊ शकतं तर चादरीही जातील. आणि हायवेवर कुणी स्वस्त 'बायोडिझेल' देत असेल तर टाकीचं झाकण उघडू नका. त्यात काय कालवलंय ते इंजिन बसल्यावरच कळतं.

झाडांच्या प्रमाणपत्रवाल्याला नाही म्हणा. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळपणे धरतात. तुमच्या गाड्या वर्षाला पावणेदोनशे टनांच्या वर सोडतात. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास वाढलेली, जगलेली झाडं हवीत, सोलापूरच्या पाण्यावर. झाडं लावा, गोदामाच्या कुंपणाला कडुलिंब लावा, ड्रायव्हरांना सावली होईल. ते डिझेलच्या हिशेबात मांडू नका. खोटं प्रमाणपत्र उघडं पडलं की तुमचे खरे आकडेही कुणी मानणार नाही.

तक्ता भरताना कंपनीला आधी एक प्रश्न विचारा : फक्त टाकीतलं डिझेल मोजायचं की तेलविहिरीपासूनचं? वाहतुकीच्या कार्बनसाठी आयएसओ १४०८३ हे मानक २०२३ मध्ये आलं, त्यात विहिरीपासून मोजतात, आणि मग लिटरमागचा आकडा साधारण पाचव्या हिश्शानं चढतो. कुठल्या पद्धतीनं मोजलं ते तक्त्यात लिहा. दोन आकडे द्या, एकूण किती टन आणि टन-किलोमीटरला किती ग्रॅम. परतीचा माल वाढला की तुमचा एकूण आकडा थोडा वर जाईल आणि दुसरा खाली येईल. हे आधीच सांगून ठेवलंत तर पुढच्या वर्षी कुणी बोट दाखवणार नाही. माझ्या अंदाजानं भरलेल्या-रिकाम्या सगळ्या फेऱ्या मिळून दहाचाकींचा हा दुसरा आकडा आज ९१ ग्रॅमच्या आसपास पडतो. रिकाम्या फेऱ्या पंधरावरून सातवर आणल्या तर ७५, आणि हवा, वेग, उभं इंजिन सांभाळून सहा टक्के डिझेल वाचलं तर ७१. हे वीस टक्क्यांच्या वर जातं. कंपनीला पंधरा टक्केच लिहून द्या. पहिल्या वर्षी काय काय अडेल ते आज दिसत नाही.

अप्पांशी बोलताना तक्ता घेऊन जाऊ नका. ज्या माणसानं प्रत्येक फेरीचं डिझेल हातानं लिहून ठेवलं, त्याला हिशेबाचं महत्त्व पटवायचं नसतं. त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, अप्पा, मागच्या उन्हाळ्यातल्या न्हावाशेवाच्या फेऱ्या मला वाचून दाखवा. मी लिहून घेते, कुठली गाडी भरून आली आणि कुठली रिकामी. अक्षर त्यांचं आहे, खुणाही त्यांच्याच असतील, तुम्हाला एकटीला लागायच्या नाहीत. मार्चपासून सुरू करा. मामांनाही त्या वेळी बोलवा, कुठल्या फेरीला का थांबता आलं नाही ते त्यांना आठवत असेल.